नाडी बघणारा हात: स्मारकाचं काम, महिना तिसरा

मागच्या वेळी लिहिलं होतं की आर्मेचर, म्हणजे मूर्तीच्या आतला सळयांचा सांगाडा, उभं राहिलंय, आता नुसती माती चढवायची. ते "नुसती" परत घेतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, सातारच्या आमच्या भागातल्या ट्रस्टच्या दवाखान्याच्या दारात जोडशिल्प बसवायचंय, बाकावर बसलेला म्हातारा फौजी आणि शेजारी उभी राहून त्याची नाडी बघणारी सिस्टर. बंदूक नको हा हट्ट माझाच. एकदोघांना रणगाडाच पाहिजे होता, पण आपल्याकडं फौजी म्हणजे घरातला माणूस, एका अपशिंग्यातनं पहिल्या महायुद्धात 46 जण गेलेत आणि त्यांचं स्मारक गावात आहे, मग दवाखान्याच्या दारात तरी लढाई संपवून घरी आलेला माणूस असू दे की.

तर पहिला घोळ. बेरे टोपीसाठी फोटो मागवला, भाच्याच्या मित्रानं सेल्फी पाठवला, मी दोन दिवस खपून टोपी नि मेडलं केली. गल्लीतले रिटायर्ड सुभेदार बघायला आले आणि म्हणाले, "ही कुठली फौज रे?" सेल्फी आरशासारखा उलटा आलेला! टोपीचा बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, कापड उजव्या कानाकडं ओढलेलं, मेडलं डाव्या छातीवर असं पाहिजे, आणि माझं सगळंच उलटं. सगळी माती खरवडली.

दुसरा घोळ आळसाचा. सिस्टरच्या हाताला बटरफ्लाय, म्हणजे आतनं माती धरणाऱ्या लाकडी फुल्या, बांधलेच नव्हते, म्हटलं हात बारीक आहे, धरंल माती. सकाळी ओलं फडकं काढलं तर हात घसरून फौजीच्या मांडीवर. आता लाकडाच्या छोट्या चिपा क्रॉस बांधून तारेनं सळईला लोंबत्या सोडल्यात, माती त्यांच्यावर बसते, हलत नाही.

आणि मग आमच्या ओळखीच्या रिटायर्ड सिस्टर आल्या. दोन मिनिटं बघितलं आणि पहिलं वाक्य, "अंगठा काढ." मी अंगठ्यानं नाडी धरलेली दाखवली होती. अंगठ्याला स्वतःचाच ठोका असतो, पेशंटचा सोडून आपलाच मोजत बसतो माणूस, म्हणून पहिली दोनतीन बोटं, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला. माझाच हात धरून दाखवलं आणि "84 आहेत, चहा कमी कर" हेही सांगितलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, "ही त्याच्या तोंडाकडं काय बघतीय? मोजताना आम्ही घड्याळाकडं बघतो." मी मायेनं बघणारी नर्स केलेली हो, सगळा भाव तिथंच ठेवला होता! रात्रभर डोक्यात तेच. शेवटी मान फिरवली, डाव्या मनगटावर घड्याळ दिलं, आता ती काट्याकडं बघतीय आणि फौजी तिच्याकडं. खरं सांगू, आधीचं कॅलेंडरवरच्या चित्रासारखं होतं, आता दोघं कामात आहेत असं वाटतं.

पोशाखावर अजून वाद चालू आहे. 1888 ला लष्करासाठी पहिल्या 10 नर्सेस मुंबईत उतरल्या, तेव्हापासून आजच्या पॅन्ट-ट्युनिकपर्यंत कायच्या काय बदललंय, म्हणून सिस्टरांच्या काळातली पांढरी साडी धरली, पदर पिन लावलेला. टोपी मी गाळत होतो, कारण तिची कड पातळ, कास्टिंगमध्ये तुटणार. तर बाई चिडल्याच, "कॅपिंगला मिळालेली टोपी आहे ती, नसली तर मला दाखवू नको." (कॅपिंग म्हणजे शिकाऊ नर्सला टोपी घालायचा समारंभ.) टोपी राहणार.

ब्राँझ बजेटमध्ये नाही, फायबरच, म्हणजे काचतंतूची मॅट आणि रेझिन. पत्र्याच्या शिम (साच्याचे भाग वेगळे ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या) लावून पीओपीचा वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, काढायचा आणि पावसाच्या आत ओतायचं, आपल्या दमट हवेत रेझिन चिकटच राहतं. आणि कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) नि हार्डनर थेट एकमेकांत कधीच टाकू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं, हार्डनर सगळ्यात शेवटी.

आता अडलंय त्या टोपीवर. वेगळी ओतून नंतर जोडू, का डोक्यासकट एकाच मोल्डमध्ये घेऊन कडेला आतनं मॅटचा जादा थर देऊ? जोड दिसला तर बाईंना पहिल्यांदा तोच दिसणार. कुणी असली पातळ कड काढली असेल तर सांगा, मी पुढच्या रविवारपर्यंत डोक्याला हात लावत नाही.