ग्रीक घर दिसलं, पण खरा जावई कुठे गेला?

माय बिग फॅट ग्रीक वेडिंग परत बघितला, २००२ चा सिनेमा आहे म्हणजे आता जुनाच म्हणायचा. शिकागोतल्या ग्रीक घरातली टूला आणि ग्रीक नसलेला इयान मिलर ह्यांच्या लग्नाची गोष्ट. मला तो अजूनही प्रचंड आवडतो. पण ह्या वेळी कोण दिसतंय आणि कोण दिसत नाहीये ह्याकडेच लक्ष जात होतं.

आधी ह्याचं श्रेय द्यायलाच हवं, की सिनेमा लिहिणाऱ्या निया वार्डालोसने हे ग्रीक घर हातातून जाऊ दिलं नाही. गोष्ट तिच्याच घरच्यांची, कॅनडातल्या विनिपेगची, आधी ती लॉस एंजेलिसमध्ये एकटी स्टेजवर करायची. सिनेमा करू म्हणून लोक आले तर त्यांना हिरॉइन नावाजलेली हवी होती, वर कुटुंब ग्रीकऐवजी हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो लोकांचं, करा म्हणे! स्थलांतरितांचं घर म्हणजे सगळं एकच, नुसती दारावरची पाटी बदलली की झालं? ती अडून बसली. मग अभिनेत्री रीटा विल्सनने तो शो बघितला, तिची स्वतःची आई ग्रीक, तिने नवऱ्याला, टॉम हँक्सला पाठवलं, आणि नियालाच टूला करून ५० लाख डॉलरमध्ये सिनेमा झाला. जगभरात कमावले ३६ कोटी डॉलरच्या वर.

तरी घरातले सगळे काही ग्रीक नाहीत हं. आई झालेली लेनी कझान ज्यू, वूला मावशी म्हणजे अँड्रिया मार्टिन मुळात आर्मेनियन, टूलाचा चुलत भाऊ अँजेलो करणारा जोई फटोन इटालियन. मला हे तितकं खटकत नाही, कारण लिहिणारी घरातली आहे आणि ते जाणवतं. शिकागो मात्र खटकतं. इतकी मोठी कृष्णवर्णीय वस्ती असलेलं शहर आणि लक्षात राहील असं एकही कृष्णवर्णीय पात्र नाही, हे आज बघताना चुकवताच येत नाही.

आणि मिलर कुटुंब. तो सीन आठवतो का, इयानचे आईबाबा पहिल्यांदा येतात, अंगणात अख्खं कोकरू सळईवर फिरतंय, सगळे नातेवाईक हजर, आणि त्या बाईंनी प्रेमाने मधे भोक असलेला बंट केक आणलाय, टूलाच्या आईला कळतच नाही हे काय, शेवटी ती त्या भोकात फुलझाडाची कुंडी बसवून केक बाहेर आणते आणि आपण किती छान निस्तरलं म्हणून खूश! मी दरवेळी हसते. पण मिलरांकडे सिनेमा ह्याहून जास्त बघतच नाही. ते फिके, गप्प, कोरडे, बास. त्यांचे आजीआजोबा कुठून आले, घरात काय मानतात, काही नाही. गोऱ्या अमेरिकनांना जणू संस्कृतीच नसते, आणि ग्रीकांना नुसता आवाज असतो, असं काहीसं होऊन बसतं.

सगळ्यात जास्त लागलं ते जावयाचं. नियाचा तेव्हाचा नवरा इयान गोमेझ, लॅटिनो वंशाचा, आणि लग्नाआधी त्याने खरोखर ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्म स्वीकारला होता. सिनेमात नाव इयानच ठेवलं पण माणूस झाला उंच गोरा जॉन कॉर्बेट, आणि गोमेझला मिळाला हिरोच्या मित्राचा, माइकचा छोटा रोल. कुटुंब हिस्पॅनिक करा म्हटल्यावर ती नाही म्हणाली हे बरोबरच केलं, पण ज्या गोष्टीत खरंच एक लॅटिनो माणूस होता तिथून तोच गेला. दोन स्थलांतरितांची लेकरं एकमेकांच्या घरात शिरताना काय काय होतं, दोन्हीकडे गोतावळा, दोन्हीकडे जेवायचा आग्रह, ते किती वेगळं आणि किती मजेदार झालं असतं! एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला कोरी पाटी, हा सोपा मार्ग होता.

टूलाशी लग्न करता यावं म्हणून इयान बाप्तिस्मा घेतो तो सीन मला फार आवडतो, एरवी बाहेरून आलेल्यांनीच अमेरिकन व्हायचं असतं आणि इथे अमेरिकन पोरगा तेल चोळून घेत चर्चमधल्या फुगवायच्या टबमध्ये उभा राहतो. फक्त तिथे मला गोमेझ बघायचा होता.