बेस गेला कुठे?

साऊंडच्या धंद्यात वीस वर्षं काढली. गणपती, हळदी, ऑर्केस्ट्रा, सगळं वाजवून झालं. डबस्टेप, म्हणजे जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, मात्र पहिल्यांदाच, तेही तुर्भे एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गाळ्यात. डीजे डोंबिवलीचा, माझ्या पोराच्या वयाचा. दोन्ही बाजूंना अठरा इंची बेसचे दोन-दोन डबे रचले, वर टॉप, म्हणजे वरच्या सुरांचे स्पीकर, ठेवले आणि म्हटलं, वाजव.

नुसती टिकटिक. पोरगा मधोमध उभा. "काका, बेस कुठंय?"

"तुझ्या लॅपटॉपातच नसेल," मी म्हटलं. तरी ॲम्प्लिफायर मशीनचा आवाज वाढवला. लाल दिवे लुकलुकायला लागले, बेस नाहीच.

त्यानं समजावलं. हे दक्षिण लंडनचं संगीत, क्रॉयडनच्या बिग ॲपल नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी घडवलेलं. वेग मिनिटाला 140 ठोक्यांचा, पण चार मात्रांत स्नेअर ड्रम तिसरीवर एकदाच, म्हणून चाल 70 ची वाटते. मधली सगळी जागा बेससाठी मोकळी. म्हणजे बेस गेला की उरतं काय? सिनेमाच्या गाण्यात निदान गायक तरी सांभाळून घेतो.

चहा आणायला डाव्या डब्यांजवळून गेलो तर पोटात गुद्दा बसल्यासारखं झालं. शर्ट हलला. परत मधे आलो, गायब! मग डावी बाजू बंद केली. मधे बेस आला. अर्धे डबे बंद आणि आवाज जास्त.

मला घाम फुटला. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. एका बाजूच्या स्पीकरचा पडदा बाहेर ढकलतोय आणि त्याच क्षणी दुसरीकडचा आत ओढतोय, मग दोन्हींपासून सारख्या अंतरावर उभं राहणाऱ्याला काय ऐकू येणार? शून्य. डाव्या केबलचा कनेक्टर उघडला. लाल वायर प्लसऐवजी मायनसला. ती केबल आदल्या रात्री कळव्यात, मॅच बघत बघत, मीच बनवलेली.

स्क्रू ड्रायव्हरनं वायरी बदलल्या. पुढच्याच ड्रॉपला, म्हणजे बेस एकदम कोसळतो त्या जागी, वरचे पत्रे थरथरले, डब्यावर ठेवलेला कटिंगचा ग्लास सरकत सरकत कडेला आला. पोरगा डोळे मिटून उभा होता.

रात्री टेम्पोत, दिघ्याजवळ, हेल्परनं विचारलं, "शेठ, ती केबल कोणी बनवलेली?"

मी रेडिओ लावला.