नावांची चिठ्ठी आणि अडखळणारी जीभ

इंदूरच्या मराठी मंडळांत सूत्रसंचालन करताना दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार सगळं सुरळीत पार पडतं. अडतं ते स्वागताच्या नावांपाशी. चिठ्ठी येते माइक हातात घेतल्यावर, तीही खाडाखोड केलेली, कडेला एक नाव तिरकं वाढवलेलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण जीभ घसरायची ती नेमकी इथेच.

'समारंभ' आठवला नाही तर 'सोहळा' म्हणून वेळ निभावते. आडनावाला पर्याय नसतो, आणि ज्याला धरून आठवावं असा अर्थही नसतो. बोलताना सेकंदाला दोन-तीन शब्द बाहेर पडतात; एक उच्चारत असतानाच पुढचे मनात जुळत असतात. अशा वेळी एकाच जातीचे दोन शब्द जवळ आले की जागा बदलतात. सचिव देशमुख आणि कोषाध्यक्ष देशपांडे असतील, तर 'सचिव देशपांडे' हमखास तोंडातून निघतं. अक्षरांचंही तेच: 'गरम चहा'चा 'चरम गहा' होतो. सुरुवातीचं अक्षर सुरुवातीच्याच जागी जाऊन बसतं.

म्हणून चिठ्ठीवरून वाचूच नका. जाड कार्डावर स्वतः लिहून काढा: एका ओळीत एकच नाव, आधी पद, मग आडनाव ठळक. सारखी आडनावं लागोपाठ नकोत, मानाचा क्रम सांभाळून मध्ये तिसरं घाला. पदानंतर क्षणभर थांबा. श्रोत्यांना तो मान वाटतो, तुम्हाला नाव सापडायला वेळ मिळतो. हे सगळं चार वेळा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचून जिभेला वळण लागत नाही. तरीही चुकलंच तर पदापासून पुन्हा म्हणा आणि पुढे चला. माफी लांबवली की पुढचं नावही घसरतं.

आपल्या इंदुरी बोलण्यात आणखी एक खाच आहे. हिंदीत 'आवाज' आणि 'आत्मा' स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. घाईत 'माझी आवाज पोहोचते ना?' निघून जातं. असे शब्द संहितेत अधोरेखित करा. विचार अडला की 'मतलब' येतो. त्याजागी गप्प राहिलेलं बरं.

हो, माइक तपासताना मागच्या भिंतीकडे बघा. भिंत 34 मीटरवर असेल तर आपलाच आवाज साधारण 0.2 सेकंदाने परत कानावर येतो, आणि एवढ्या उशिराने स्वतःला ऐकताना चांगला वक्ताही अडखळतो. ध्वनिवाल्याला सांगून जवळचा स्पीकर आपल्याकडे वळवून घ्या, म्हणजे थेट आवाज आधी ऐकू येतो. भीतीने तोंड कोरडं पडतं, तेव्हा पाण्याचा एकच घोट घ्या, गटागटा नको.

मंडळांना मी आता आधीच सांगून ठेवते: नावं अर्धा तास आधी पक्की करा. त्यानंतर आलेलं नाव मी आभारप्रदर्शनात घेते.