‘आता लपवायला उरलंय काय?’

माहितीच्या गळतीची नवी बातमी आली की आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडून एकच प्रतिक्रिया येते : ‘सगळं आधीच गेलंय, आता लपवायला उरलंय काय?’ या उद्गाराला बेफिकिरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्या घरांत आजही मुलीचा फोन नंबर अनोळखी माणसाला दिला जात नाही आणि आजारपण शेजाऱ्यांपासूनही जपले जाते, त्या घरांना खासगीपणाची किंमत कळत नाही असे कसे म्हणावे? ही हतबलता आपल्या अंगी मुळात नव्हती. ती गेल्या काही वर्षांत आपल्याला शिकवली गेली.

जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहराने अवघ्या ५०० रुपयांत आधारधारकांचे तपशील पाहता येतात हे दाखवून दिले, तेव्हा आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदवलेल्या गुन्ह्यात त्या वार्ताहराचेही नाव होते. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला, म्हणजे आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला, मोबाइल क्रमांक दिला की कोविडची लस घेतलेल्या व्यक्तीचे नाव, जन्माचा तपशील आणि नोंदणीसाठी वापरलेल्या ओळखपत्राचा क्रमांक समोर येत होता. सरकारचे म्हणणे मात्र लसनोंदणीचे कोविन पोर्टल पूर्णपणे सुरक्षित असल्याचे होते. पुढच्याच वर्षी स्टार हेल्थच्या विमाधारकांचे वैद्यकीय कागदही तशाच बॉटमधून मिळू लागले.

मला सर्वांत बोलका वाटतो तो मे २०२२ मधला प्रसंग. २७ मे रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने पत्रक काढले की आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. त्याऐवजी केवळ शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार वापरा. सल्ला अगदी योग्य होता. पण २९ मे रोजी, चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे असे कारण देऊन, ते पत्रक मागे घेण्यात आले आणि नागरिकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी असे सांगण्यात आले. नेहमीची म्हणजे कोणती? लॉजच्या काउंटरवर प्रत मागतात, भाडेकरारासाठी मागतात, आणि झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर आपणच पाठवलेले पॅन, पासबुक नि आधार प्रिंट निघाल्यावरही त्याच्या फोनमध्ये पडून राहते. नकार दिला तर काम अडते, हे कळल्यावर माणूस नकार देणेच सोडतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये केलेल्या पाहणीतही निम्म्याहून अधिक लोक असेच हताश आढळले होते, आणि कंपन्या माहितीचे काय करतात हे ज्यांना अधिक ठाऊक होते, त्यांच्यात ही हताशा अधिक होती. लोकांना केवळ जागरूक केले की प्रश्न सुटेल, हे मला म्हणूनच पटत नाही.

तरीही ‘सगळं गेलंय’ हे खरे नाही. जुना पत्ता गेला असेल, पण यंदाचा वैद्यकीय अहवाल, मुलाची नवी शाळा, काल उघडलेले खाते हे सारे नव्याने तयार होत असते, आणि गेलेल्या तपशिलांना ते जोडले गेले की धोका कित्येक पटींनी वाढतो. ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे फोनवरूनच अटक केल्याचे भासवण्याच्या, नावाखाली पुण्यामुंबईतल्या ज्या निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली, त्यांना भोळे म्हणून मोकळे होणे मला क्रूरपणाचे वाटते. फोनवरचा तोतया पोलीस तुमचा आधार क्रमांक आणि तुमची बँक अचूक सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्याची माहिती गेली, त्याच्या हाती काहीच पडत नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ४३अ खाली कंपनीच्या हलगर्जीपणाबद्दल भरपाई मागता येते, ते कलमच हा कायदा रद्द करतो. आणि नागरिकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा कायद्याकडे पाहून सामान्य माणसाने तक्रारीची उमेद कुठून आणावी?

मास्क्ड आधार द्यावे, आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून ठेवावे, दुकानदाराने बिलासाठी मोबाइल क्रमांक मागितला तर नको म्हणावे; हे मी स्वतः करते आणि इतरांनाही आग्रहाने सांगते. पण मोठी लढाई भरपाईची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांच्या वेळापत्रकानुसार कायद्याच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत. नुकसान झालेल्या व्यक्तीला थेट भरपाई मिळण्याची तरतूद त्याआधी कायद्यात यावी, ही मागणी आपल्या खासदारांकडे लेखी नोंदवायला हवी. माझे पत्र मी याच आठवड्यात पाठवत आहे.