आमची वाटचाल : एक रोलर, चार टिपर आणि पाणी

वडिलांचा एक जुना रोलर होता, तो पाटण तालुक्यात भाड्याने फिरायचा. मी धंद्यात आलो आणि छोटी डांबरीकरणाची कामं स्वतःच घ्यायला लागलो.

पहिलंच मोठं काम अंगाशी आलं. दोन किलोमीटर, 20 मिलिमीटर कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर. मे संपत आला होता, पाऊस आला आणि सीलकोट, म्हणजे वरून पोकळ्या बुजवणारा थर, राहिला. ‘उघडीप मिळाली की मारू’ म्हटलं. कारपेट म्हणजे मुळात पोकळ्यांचीच. सीलकोट बसेपर्यंत ती चाळणी. गणपतीला गेलो तर खडी हाताने निघत होती, आणि धुतल्यासारखी लख्ख, डांबराचा मागमूस नाही. पोकळीत पाणी साठतं, वरून चाक दाबतं, ते दाबलेलं पाणी खडीवरून डांबर सोलून काढतं. आपला काळा पाषाण डांबर चांगलं धरतो, पण खडी क्रशरच्या भुकटीने माखलेली असेल तर तोही धरत नाही. आमची होती. दोषदायित्वात, म्हणजे बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करायच्या मुदतीत, सगळं पदरचं घालून पुन्हा केलं, त्यात एक टिपर गेला.

पुढे हॉटमिक्सची, म्हणजे प्लांटमध्ये डांबर-खडी गरम मिसळून आणलेल्या मालाची, कामं घ्यायला लागलो तेव्हा खरा हिशोब कळला. प्रयोगशाळेत मिश्रणात पोकळी 3 ते 5 टक्के ठेवतात. रस्त्यावर रोलरखाली ती 6–7 पर्यंत आली तरी चालतं, कारण पोकळ्या सुट्या सुट्या राहतात. 8 च्या वर गेल्या की एकमेकींना जोडल्या जातात आणि पाण्याला खालपर्यंत वाट मिळते. कागदावर 7 आणि 9 मध्ये फरक तो काय!

हा फरक पडतो तापमानाने. प्लांट लांब, त्यात घाट, ताडपत्री फाटकी. माल थंड झाला की रोलर कितीही फिरवा. आता थर्मामीटर माझ्याच खिशात असतो. पसरताना 140 अंशांच्या खाली आलेली गाडी परत, आणि माल 90 वर येण्याआधी रोलिंग पूर्ण. ड्रायव्हर लोक शिव्या देतात, देऊ देत. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर मी स्वतः उभा राहतो, कारण दाब तिथेच कमी बसतो. दुसऱ्या दिवशी पाइपचा तुकडा पुट्टीने रस्त्यावर उभा चिकटवून त्यात पाणी ओततो आणि किती वेळात उतरतं ते बघतो. टेंडरात हे कुठेच नाही.

मागच्या जूनमध्ये भर पावसात एक रस्ता करून मागत होते. मी नाही म्हटलं. दुसऱ्याने केला, बिलही निघालं त्याचं.