मागच्यांनी काढलंय

एसटीत आत्याबरोबर जायचं म्हणजे तिकिटावरून झटापट ठरलेली. ती दोन सिटं पुढे बसायची आणि कंडक्टर लांब असतानाच ओरडायची, "त्या चष्मेवाल्याकडून पैसे घेऊ नका हो!" चष्मेवाला म्हणजे मी. पैसे धरलेला माझा हात तसाच हवेत. कंडक्टर शांतपणे म्हणायचा, "तुमचं झालंय, पुढच्या बाईंनी काढलं."

असाच हवेत राहिलेला एक हात मी एका जुन्या फोटोत पाहिला. तो हात राजाचा आहे. नॉर्वेचे राजे पाचवे ओलाव.

साल 1973, महिना डिसेंबर. अरब देशांनी तेलाचा नळ आवळला होता आणि नॉर्वेत शनिवार-रविवारी गाडी बाहेर काढायला बंदी होती. (उत्तर समुद्रात त्यांना स्वतःचं घबाड सापडून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती!) राजाला कायद्याने सूट होती. तरी सत्तर वर्षांचे ओलाव अंगात स्कीइंगचे कपडे चढवून, स्की घेऊन ऑस्लोच्या होल्मेनकोलन टेकडीकडे जाणाऱ्या विजेच्या गाडीत चढले, चारचौघांत बसले आणि तिकिटाचे पैसे पुढे केले. कंडक्टर घेईना. मागे त्यांचा सहायक अधिकारी होता, त्याने दोघांचंही तिकीट आधीच काढलं होतं.

राजा लोकांच्या गाडीतून गेला याचं मला फार अप्रूप नाही. फोटोपुरते बैलगाडीत बसणारे पुढारी आपण पोटभर पाहिलेत. मला आवडतो तो हात. गाडीत बसलं की पैसे द्यायचे, हे त्या हाताला सांगावं लागलेलं दिसत नाही.

ती टेकडी त्यांच्या पायाखालची होती. युवराज असताना, 1922 आणि 1923 साली, तिथल्या स्पर्धेत त्यांनी स्कीवरून उड्या मारल्या होत्या. 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत सुवर्णपदकही मिळवलं होतं. आणि हा माणूस जन्माने नॉर्वेचा नव्हेच. 1903 साली इंग्लंडात जन्मलेला डेन्मार्कचा राजपुत्र, नाव अलेक्झांडर. 1905 मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तिथल्या सरकारने याच्या वडिलांना गादी देऊ केली. वडील म्हणाले, आधी लोकांना विचारा. मतदान झालं: बाजूने 2,59,563, विरोधात 69,264. मग वडिलांचं कार्लचं हाकोन झालं आणि दोन वर्षांच्या अलेक्झांडरचं ओलाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत, इथे बापलेकांची बदलली. आई मॉड तेवढी मॉडच राहिली, याचा मला उगाच आनंद होतो.

ओलाव 1957 मध्ये गादीवर आले. अंगरक्षकांशिवाय कसे फिरता, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणतात, माझे चाळीस लाख अंगरक्षक आहेत. देशाची लोकसंख्याच तेवढी होती. 17 जानेवारी 1991 ला ते गेले, तेव्हा ऐन थंडीत लोक राजवाड्यासमोर येत राहिले. बर्फात मेणबत्त्या लावल्या, शेजारी चिठ्ठ्या ठेवल्या, पोरांनी काढलेली चित्रं ठेवली.

आत्याला मी तो फोटो दाखवला, सगळी गोष्ट सांगितली. ऑलिंपिक, मतदान, मेणबत्त्या, सगळं तिने ऐकून घेतलं. आता तिची पंच्याऐंशी उलटली आहे. एसटीतून उतरल्यावर मी तिकिटाचे पैसे गुपचूप तिच्या देवघरात ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्याच खिशात सापडायचे, हे ती विसरलेली नाही. फोटो डोळ्यांजवळ नेऊन तिने बराच वेळ निरखला.

"मग घरी गेल्यावर त्याने त्या मागच्याचे पैसे दिले का रे?"