छत्रीतलं कमळ

बेळगाव दाखवायचं माझं भाषण वर्षानुवर्षं पाठ झालेलं आहे. किल्ल्याच्या तलावापाशी गाडी हळू करायची, दारातल्या दुर्गादेवीला हात जोडायचे आणि रट्ट राजांपासून आदिलशाहीपर्यंत एका दमात सांगून टाकायचं. श्रावणातल्या एका सकाळी सांगलीचं एक जोडपं गाडीत बसलं आणि ते भाषण पहिल्या पाच मिनिटांतच बंद पडलं. काका टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध.

"काका, हा बघा केवढा खंदक!"

"केवढा म्हणजे? पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल?"

आता याचा मी कधी विचार केला होता? मारली हाक. पलीकडून एका पोराने "ओ" दिली. काका खूश.

किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन देवळात, मी सनावळीवर आलो. 1204 साल, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य, त्याचा मंत्री बीचिराज, त्याने बांधलेलं हे नेमिनाथाचं देऊळ. इथले दोन शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, हेही सांगितलं.

"बरं झालं," काका म्हणाले, "म्हणजे ते मलाही दिसणार नाहीत आणि तुलाही."

खांबांना हात लावू द्याल का, म्हणून राखणदाराला कानडीत विचारलं. एरवी पर्यटकांवर डाफरणारा तो गडी, पण काकांकडे बघून म्हणाला, सावकाश लावा. काकांनी पाऊण तास एकाच खांबाला दिला. काळा दगड चरकावर, म्हणजे लेथवर, फिरवून काढलेला, त्यावर एकाखाली एक कडा आणि खाचा. घासून इतका चकचकीत केलेला, की एरवी लोक त्यात आपला चेहरा बघून केस नीट करतात. काका नखाने एकेक कड मोजत खाली येत होते. "ही बघ, इथे हत्यार बदललंय," असं म्हणत मला खाली बसवून त्यांनी माझं बोट त्या कडेवरून फिरवलं. मला काही कळलं नाही, पण मान डोलावली. मग लक्षात आलं, त्यांना मान दिसत नाही. "हो की ओ," मोठ्याने म्हणालो.

खरी पंचाईत झाली छतापाशी. बस्तीचं नाव ज्याच्यावरून पडलं ते 72 पाकळ्यांचं दगडी कमळ वर लोंबतंय. भूत, वर्तमान आणि भविष्य, तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर त्या पाकळ्यांत आहेत असं सांगतात. एवढं सगळं, आणि हात पोचत नाही. काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, पुढे चला." बाहेर पाऊस भुरभुरत होता. काकूंची छत्री घेऊन मी काकांना अंगणात नेलं, ती त्यांच्या डोक्यावर उघडली आणि आतून काड्या चाचपायला लावल्या. म्हटलं, या काड्यांच्या जागी पाकळ्या धरा, एकीच्या आत दुसरी अशी वर्तुळं, आणि मधोमध ही मूठ लोंबते तसा दगड खाली आलेला. काका बराच वेळ चाचपत राहिले. मग विचारलं, "आणि हे सगळं वर धरलंय कशाने?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथे एखादा इंजिनिअरच हवा.

किल्ल्यातली साफा मशीद बाहेरूनच झाली. जेवून खानापूर, नंदगड करत हलशीला गेलो. कदंब राजांच्या या गावात भूवराह-नरसिंहाचं देऊळ आहे. दोन गाभारे समोरासमोर आणि मध्ये मंडप. एकीकडे पृथ्वीला उचलून धरणारा वराह, दुसरीकडे विष्णू आणि नरसिंह. काकांनी एका उंबऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजली, बरोबर मध्यावर उभं राहून दोन्हीकडे टाळी वाजवली, आणि एका अंगाचा आवाज जरा लवकर परत येतो असं ठामपणे सांगितलं. पुजारी हसला. त्याने दोन्हीकडच्या मूर्तींचे हात, आयुधं, पृथ्वी कुठल्या बाजूला आहे, सगळं न कंटाळता सांगितलं. माझ्यापेक्षा पुष्कळ बरं सांगितलं, हे कबूल.

परतताना कुंदा घ्यायला थांबलो, तेव्हा मीच विषय काढला. उद्या कित्तूरला चला. राणी चन्नम्माचा वाडा पडलाय, पण खोल्यांच्या भिंती आणि जोती शिल्लक आहेत. भिंतीला हात लावत चाललात की स्वयंपाकघर कुठे, न्हाणीघर कुठे, सगळा वाडा पायाखालून जाईल. ध्रुवतारा बघायला केलेलं एक भोकही आहे तिथे.

"ते हिला दाखव," काका बोटाचा कुंदा चाटत म्हणाले. "मी तोवर न्हाणीघर बघतो. आणि येताना ती छत्री घे, विसरू नकोस."